ज्येष्ठ, कनिष्ठ आणि पळीभर तेल



विषय गणिताचा आहे हे व्याख्यानाच्या पत्रिकेत ठळक छापूनसुद्धा मागच्या खुर्च्या भरल्या आहेत. याचं श्रेय मी घेत नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींचं नाव पत्रिकेवर असलं की धुळ्यातली आणि जळगावकडची माणसं येतात. वक्ता कोण आहे हे ती आल्यावर बघतात.

मघाशी मी फळ्यावर एक आकडा लिहून ठेवला. १,७६,६३,१९,०४९. एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. एवढा आकडा ऐकला की आपल्याला एखाद्या धरणाचं अंदाजपत्रक आठवतं, नाहीतर जळगावच्या सराफ बाजाराची उलाढाल. हा आकडा कशाचाच हिशेब नाही. तो एका प्रश्नाचं उत्तर आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात लहान उत्तर आहे. याहून लहान उत्तर त्या प्रश्नाला नाहीच. आज मला बोलायचं आहे ते या लहानपणाबद्दल.

प्रश्न चौथीतल्या पोरालाही समजेल. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ने गुणा, एक मिळवा. येईल ती संख्याही पूर्ण वर्ग असली पाहिजे. झालं. आधी शेजारची दोन घरं बघू. ६१च्या ऐवजी ६० घेतले, तर ४ चालतात: सोळा साठे नऊशे साठ, अधिक एक नऊशे एकसष्ट, म्हणजे ३१चा वर्ग. ६२ घेतले तर ८ चालतात: ६४ गुणिले ६२ म्हणजे ३९६८, अधिक एक ३९६९, म्हणजे ६३चा वर्ग. डावीकडे चार, उजवीकडे आठ. मग मधल्या ६१ला पाच-सहा कुठेतरी चालत असतील असं कोणालाही वाटेल. एक घ्या, ६२ येतात, नाही जमत. दोन, २४५, नाही. तीन, ५५०, नाही. असं एकेक करत गेलात आणि दर सेकंदाला एक संख्या तपासलीत, झोप नाही, जेवण नाही, तर सात वर्षं आणि दोन महिन्यांनी तुम्ही २२,६१,५३,९८० या संख्येपाशी पोचाल आणि तिथे पहिल्यांदा जमेल. त्या वेळी जो वर्ग येईल तो फळ्यावरच्या या संख्येचा.

१७६६३१९०४९ × १७६६३१९०४९ = ६१ × २२६१५३९८० × २२६१५३९८० + १

हे उत्तर भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात दिलं आहे. 'सिद्धान्तशिरोमणी'चा तो एक भाग. ग्रंथ ११५०चा, आणि लिहिणाऱ्याचं वय तेव्हा छत्तीस. त्यांनी सात वर्षं बसून आकडे तपासले नाहीत. पाटीवर मावतील एवढ्या गुणाकारांत काम उरकलं.

ते कसं, हे मला पहिल्यांदा गुरुजींनी दाखवलं आणि तेही आगगाडीत. शाळा धुळ्याला, आमचं घर चाळीसगावला. सकाळची पॅसेंजर, कोळशाचं इंजिन, डब्यात भाजीच्या पाट्या आणि दुधाच्या बरण्या. गुरुजीही त्याच गाडीने यायचे. एकदा त्यांनी तिकिटाच्या मागे तीन आकडे लिहून तिकीट माझ्या हातात दिलं. तिकीट त्यांचं, त्यामुळे टीसी आला तर काय, ही काळजी मला जास्त होती. आकडे होते १, ८, ३. "एकाचा वर्ग गुणिले एकसष्ट म्हणजे एकसष्ट. त्यात तीन घातले की चौसष्ट, आठाचा वर्ग. आपल्याला एक घालायचा होता, तीन घालावे लागले. आता हा तीन घालवायचा." तोवर जामदा स्टेशन गेलं होतं.

या तीन आकड्यांना जुन्या गणितात नावं आहेत. धाकटा तो कनिष्ठ, थोरला तो ज्येष्ठ, आणि जो वरून घालावा लागतो तो क्षेप. ६१ ही प्रकृती. एका घरातली माणसं असावीत तशी ही नावं आहेत, आणि पुढे एका फजितीत या नावांनीच मला वाचवलं. ती फजिती सांगतोच.

तीन कसा घालवायचा? एक गुणक शोधायचा. त्याने कनिष्ठाला गुणून ज्येष्ठ मिळवला की येणाऱ्या बेरजेला क्षेपाने, इथे तिनाने, भाग गेला पाहिजे. असे गुणक पुष्कळ मिळतात: १, ४, ७, १०. त्यातला असा घ्यायचा की ज्याचा वर्ग ६१च्या सगळ्यात जवळ पडेल. सातचा वर्ग ४९, बारांनी कमी. दहाचा शंभर, फारच लांब. म्हणून सात. आता सात गुणिले एक अधिक आठ, पंधरा, भागिले तीन, पाच. हा नवा कनिष्ठ. सात गुणिले आठ अधिक ६१, ११७, भागिले तीन, ३९. हा नवा ज्येष्ठ. आणि ४९ उणे ६१, म्हणजे उणे बारा, भागिले तीन, उणे चार. हा नवा क्षेप. पडताळून बघा: पाचाचा वर्ग २५, गुणिले ६१, १५२५. एकोणचाळीसचा वर्ग १५२१. चारांनी कमी. बरोबर.

असं चाक फिरवत राहायचं. प्रत्येक फेरीला क्षेप बदलतो, पण फार मोठा होत नाही, आणि फिरत फिरत कधीतरी एकावर येतो. या रीतीचं नावच चक्रवाल. भास्कराचार्यांच्याही आधी जयदेव नावाच्या गणितीने ती मांडली होती. भास्कराचार्यांच्या हातात ती पुरती तयार झाली.

६१च्या बाबतीत मात्र चाक एकदाच फिरवावं लागलं. क्षेप उणे चार आला, आणि इथे ब्रह्मगुप्ताची जुनी युक्ती कामाला आली. तिला भावना म्हणतात. सहाशे अठ्ठावीस सालची. कनिष्ठ-ज्येष्ठांच्या दोन जोड्या घ्यायच्या, तिरका गुणाकार करून बेरीज केली की नवा कनिष्ठ. कनिष्ठांचा गुणाकार ६१ने गुणून त्यात ज्येष्ठांचा गुणाकार मिळवला की नवा ज्येष्ठ. आणि क्षेपांचा नुसता गुणाकार. उणे चारांचे उणे एक करायला सगळं अर्ध्यावर आणलं: कनिष्ठ अडीच, ज्येष्ठ साडेएकोणीस, क्षेप उणे एक. या जोडीची स्वतःशीच भावना केली की कनिष्ठ १९५ भागिले २, ज्येष्ठ १५२३ भागिले २, क्षेप अधिक एक. क्षेप हवा तसा आला, पण अर्धे लोंबकळत राहिले. म्हणून पुन्हा पहिल्या जोडीशी भावना: कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८. अर्धे गेले, पण क्षेप परत उणे एक. आता शेवटची भावना, या जोडीची तिच्या स्वतःशीच. उण्याला उणं भिडलं, अधिक एक आला, आणि तिकिटाच्या कडेला बारीक अक्षरात २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९ उतरले. बोरविहीर आलं होतं. गुरुजींनी तिकीट परत घेतलं, कारण पुढे फाटकावर ते द्यायचं होतं. भास्कराचार्यांचं गणित त्या दिवशी रेल्वेकडे जमा झालं.

आता फजिती. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागलो आणि एका समारंभात ऐटीत हा आकडा पाठ म्हणून दाखवला, फळ्यावर लिहिलाही. लिहिताना मधलं शून्य गेलं. १७६६३१९४९. मी लगेच नवाचा ताळाही घेतला, म्हणजे पोरांवर छाप पडावी म्हणून. अंकांची बेरीज ४६, चार आणि सहा दहा, म्हणजे एक. तिकडे कनिष्ठाच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे शून्य. एकसष्टाला शून्याने गुणून एक मिळवला, एक. ताळा जमला. मी खूष. मागच्या रांगेत गुरुजी बसले होते. ते खास आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "भाऊ, कितलं उनं?" म्हणजे, किती आलं? मी आकडा वाचला: सतरा कोटी सहासष्ट लाख... आणि थांबलो. कनिष्ठ बावीस कोटींचा आणि ज्येष्ठ सतरा कोटींचा! घरात थोरला भाऊ धाकट्याहून लहान! गुरुजी हसलेसुद्धा नाहीत.

मित्रहो, शून्य गळालं तर नवाच्या ताळ्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण अंकांची बेरीज तीच राहते. अंकांची अदलाबदल झाली तरी लागत नाही. दुकानात बसून वह्या लिहिणाऱ्या जुन्या माणसांना हे ठाऊक असतं. पदवी घेतलेल्या मला त्या दिवशी ठाऊक झालं. आकड्यापुढे नमस्कार करून बसणारा माणूस तो चुकीचा लिहिला तरी नमस्कारच करतो. ६१चं वर्गमूळ सात आणि आठ यांच्यामध्ये आहे, म्हणून ज्येष्ठ हा कनिष्ठाच्या सातपट-आठपट असलाच पाहिजे, एवढं भान मला असतं तर शून्याशिवाय तो आकडा माझ्या हातून लिहिलाच गेला नसता.

मग या आकड्याचा खरा ताळा कसा घ्यायचा? वर्ग करायला गेलात तर ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१ येतो. एकोणीस अंकी. भास्कराचार्यांच्याच 'लीलावती'त एकं-दहंपासून परार्धापर्यंत स्थानांची अठरा नावं आहेत. हा वर्ग त्या यादीच्याही एक घर पुढे गेला. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर तो मावत नाही. एक्सेलला विचारलंत तर आणखी मजा: ते पंधरा अंकच नेमके धरतं, त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच दाखवून फरक शून्य म्हणून सांगतं. ज्या एकासाठी हा सगळा खटाटोप, तोच एक यंत्राने गिळला!

पेन्सिलीने मात्र सहज जमतं. या संख्येतून एक वजा करा आणि निम्मे करा. ८८,३१,५९,५२४ येतात. हा २९७१८चा वर्ग आहे. आता मूळ संख्येत एक मिळवा आणि निम्मे करा. ८८,३१,५९,५२५. ही ३८०५च्या वर्गाची बरोबर ६१पट आहे. म्हणजे आपल्या संख्येच्या एका हाताला दोनाने गुणलेला एक वर्ग, दुसऱ्या हाताला १२२ने गुणलेला दुसरा वर्ग, आणि ती मध्ये. या डाव्या आणि उजव्या शेजाऱ्यांचा गुणाकार म्हणजेच संख्येचा वर्ग उणे एक. २ गुणिले १२२ म्हणजे २४४, म्हणजे चार गुणिले ६१. पुढचं तुम्ही नंतर कागदावर करून बघा. २९७१८ आणि ३८०५ यांच्या गुणाकाराची दुप्पट केली की नेमका बावीस कोटींचा कनिष्ठ हातात येतो. पाच अंकी आणि चार अंकी संख्यांचे वर्ग करता आले की दहा अंकी संख्येची खात्री पटते.

कोणी विचारेल, ६० आणि ६२ इतके साधे आणि ६१च असा का? ६१चं वर्गमूळ पूर्ण निघत नाही, म्हणून त्याला अपूर्णांकांनी गाठत जावं लागतं. त्या पायऱ्यांचे आकडे काही अंतराने पुन्हा पुन्हा तेच येतात. ६० आणि ६२ला हे चक्र चार पायऱ्यांचं आहे, ६१ला अकरा पायऱ्यांचं. त्यातून अकरा विषम, म्हणून पहिली फेरी पुरी झाली की क्षेप उणे एक येतो, अधिक एक नाही. अधिक एक हवा तर अख्खी दुसरी फेरी. म्हणून पाच अंकी २९७१८ एकदम दहा अंकी होऊन बसतो. एवढी वणवण केल्याचं फळही मिळतं: फळ्यावरच्या संख्येला कनिष्ठाने भागलंत तर ६१चं वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा अंकांपर्यंत बिनचूक येतं.

इथे एक आडवळण घेतो. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले देवळालीचे द. रा. कापरेकर मास्तर आणि त्यांचा ६१७४ तुम्हाला माहीत असेल. त्याचे अंक उतरते मांडा, ७६४१. चढते मांडा, १४६७. वजा करा, पुन्हा ६१७४. मला तो आकडा फार आवडतो. पण त्याची जादू आपण दहाच्या पटीत आकडे लिहितो त्यात आहे. बाराच्या पटीत लिहिणाऱ्याला तीच संख्या असा खेळ दाखवणार नाही. तसंच, आपल्या कनिष्ठात बावीस कोटींनंतर 'एकसष्ट लाख' येतात म्हणून कोणी डोळे मोठे करील. तो निव्वळ योगायोग. लिहिण्याची पद्धत बदला, तो एकसष्ट पुसला जाईल. पण डावीकडे दोन वर्ग आणि उजवीकडे १२२ वर्ग हे नातं कशातही लिहा, गारगोट्या मांडून दाखवा, हलणार नाही.

हेच ६१ पुढे फ्रान्समध्ये निघाले. १६५७ साली फर्मा याने आपल्या फ्रेनिकल नावाच्या मित्राला पत्र लिहून हाच प्रश्न घातला, आणि फार त्रास नको म्हणून ६१ आणि १०९ एवढ्यांचंच करून पाठव, असं खोडसाळपणे सुचवलं. भास्कराचार्यांच्या ग्रंथाला तेव्हा पाचशे सात वर्षं झाली होती. इंग्लंडात ब्राउंकरने त्याच वर्षी रीत शोधली, पण पुढे ऑयलरच्या चुकीने समीकरणाला नाव मिळालं ते पेलचं, ज्याचा त्यात हात नव्हता. कोलब्रुकने १८१७ साली 'लीलावती' आणि 'बीजगणित' इंग्रजीत आणले तेव्हा युरोपला जुनं उत्तर दिसलं. चक्रवाल प्रत्येक वेळी एकावर येऊन थांबतंच, याची रीतसर सिद्धता १९२९मध्ये म्हैसूरच्या ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील.

आता भास्कराचार्यांशी नातं सांगणाऱ्या आपल्या पाटणकडे येतो. चाळीसगावहून अठरा-वीस किलोमीटर, डोंगराच्या कुशीत, चंडिकेचं देऊळ. बरेचजण नवस फेडायला जातात आणि धबधबा बघून येतात. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी १८६५च्या लेखात इथल्या शिलालेखाची माहिती जगापुढे आणली. लेख शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७च्या आसपासचा. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे: वडील महेश्वर, मुलगा लक्ष्मीधर, नातू चांगदेव. हा चांगदेव यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं. तिथून जवळच गिरणाकाठी बहाळला दुसरा लेख आहे, शके ११४४चा. तो भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याचा. म्हणजे सगळं घराणं आपल्याच परिसरात वावरत होतं.

भास्कराचार्य पाटणचेच का, हा वाद आहे. त्यांनी आपलं गाव विज्जडविड असं सांगितलं, सह्याद्रीजवळचं. त्यावर विद्वानांत दोन-तीन पक्ष आहेत आणि कर्नाटकातल्या विजापूरचाही दावा आहे. ज्या गावात इतिहाससंशोधक राजवाड्यांनी अखेरचा श्वास घेतला आणि ज्या गावात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही दप्तरं सांभाळून आहे, त्या धुळ्यात उभं राहून मी कागदापलीकडचं बोलणार नाही. दगड सांगतो ते एवढंच, की ग्रंथाला सत्तावन्न वर्षं झाली तेव्हा त्याची शाळा इथे होती. मला तेवढं पुष्कळ आहे.

आणि ती शाळा चालायची कशावर, हेही दगड सांगतो. शिलालेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत आहेत, आपल्या सगळ्यात जुन्या मराठीपैकी. तिथे हिशेब सुरू होतो. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला. सुपाऱ्या, मोजून पाच. आणि गावात जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल. मला नेहमी तो घाणा दिसतो. बैल गोल फिरतोय, लाट करकरतेय, तेली पळी भरून बाजूच्या भांड्यात ओततो. रात्री मठात त्याच तेलाचा दिवा, आणि दिव्यापाशी बसलेला एखादा पोरगा सात गुणिले आठ अधिक एकसष्ट करतोय. त्याने ११७ऐवजी ११६ लिहिले असतील, तिनाने भाग गेला नसेल, आणि गुरूने काही न बोलता पाटी परत दिली असेल. संस्कृत सूत्र पंडिताने केलं, पण ज्या तेल्याच्या पळीवर ते शिकवलं गेलं त्याची नोंद मराठीत झाली, कारण ती त्याला वाचून दाखवायची होती. हा माझा तर्क, बरं का, दगडावर नाही.

वेळ झाली. गुरुजी धुळ्याला गाडीतून उतरताना नेहमी दुसऱ्या दिवसाचा आकडा सांगून मोकळे व्हायचे, आणि फाटकापर्यंत मी तो तोंडात घोळवत जायचो. फर्माचा दुसरा आकडा होता १०९. त्याचा ज्येष्ठ पंधरा अंकी आहे. सुरुवात करून देतो: कनिष्ठ एक, ज्येष्ठ दहा, क्षेप उणे नऊ. पहिला गुणक आठ घ्या. कनिष्ठ दोन आणि ज्येष्ठ एकवीस येईल, क्षेप अधिक पाच. पुढचं घरी जाऊन करा. आणि शून्य गाळू नका.